नाळेचं नातं आणि जिनिव्हातलं मत

फोटो दोन आहेत. पहिल्यात वाळूच्या पोत्यांनी बांधलेल्या खंदकात बारा वर्षांचा एक मुलगा बसलाय. खांद्यावर लुंगीसारखं कापड, हातात काहीतरी खाऊ. दुसऱ्यात तोच मुलगा जमिनीवर पडलाय आणि छातीत गोळ्या घुसल्यात. श्रीलंकेत तमिळांच्या वेगळ्या देशासाठी लढणारी सशस्त्र संघटना लिट्टे, तिचा प्रमुख वेलुपिल्लै प्रभाकरन याचा हा धाकटा मुलगा, बालचंद्रन. फोटो मे २००९ चे, म्हणजे श्रीलंकेतल्या युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांतले. पण जगापुढे आले ते जवळपास चार वर्षांनी, १९ फेब्रुवारी २०१३ रोजी. मुलगा जिवंत हाती लागला होता आणि नंतर त्याला मारलं, असा त्यांचा सरळ अर्थ लावला गेला. श्रीलंकेच्या लष्कराने आरोप फेटाळला.

पुढचे पाच आठवडे तमिळनाडू ढवळून निघालं. ८ मार्चला चेन्नईच्या लोयोला कॉलेजचे आठ विद्यार्थी उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, आणि राज्यभरातली कॉलेजं रस्त्यावर आली. इतकी, की राज्य सरकारने कॉलेजंच बेमुदत बंद ठेवली. १८ मार्चला चिदंबरम, अँटनी आणि गुलाम नबी आझाद हे तीन केंद्रीय मंत्री द्रमुकचे प्रमुख करुणानिधी यांची समजूत काढायला चेन्नईत आले. दुसऱ्या दिवशी द्रमुकने मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला. अठरा खासदार गेले, पाच मंत्र्यांनी राजीनामे दिले. २१ मार्चला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत श्रीलंकेविरुद्धचा ठराव २५ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. आठ देश तटस्थ राहिले, भारताने ठरावाच्या बाजूने मत दिलं. २६ मार्चला ठरलं की आयपीएलमध्ये श्रीलंकेचे खेळाडू चेन्नईच्या मैदानावर उतरणार नाहीत. २७ मार्चला तमिळनाडू विधानसभेने ठराव केला: श्रीलंकेला मित्रदेश म्हणणं थांबवा, आर्थिक निर्बंध लावा आणि वेगळ्या ईलमसाठी, म्हणजे तमिळांच्या स्वतंत्र देशासाठी, तमिळांमध्ये सार्वमत घ्यायला संयुक्त राष्ट्रांना भाग पाडा.

परराष्ट्र व्यवहार हा राज्यघटनेप्रमाणे पूर्णपणे केंद्राचा विषय. राज्याच्या विधानसभेने केलेल्या अशा ठरावाला कायद्याचं बळ शून्य. तरीही दिल्लीला त्याची दखल घ्यावी लागली.

हे प्रकरण मी वर्गात घेते तेव्हा आधी दोनच प्रश्न फळ्यावर लिहिते. फोटो मुंबईच्या वर्तमानपत्रांतही आले होते, मग पुण्या-मुंबईत एकही कॉलेज का बंद पडलं नाही? आणि हजारो माणसं प्रत्यक्ष मरत होती ती २००९ मध्ये. मग उद्रेक २०१३ मध्ये का?

नाळ

तमिळनाडूच्या राजकारणात एक शब्दप्रयोग सतत कानावर पडतो: 'तोप्पुळ् कोडि उरवु'. तोप्पुळ् कोडि म्हणजे नाळ, उरवु म्हणजे नातं. श्रीलंकेतले तमिळ हे आपले शेजारी किंवा भाषाबंधू एवढेच नाहीत, एकाच नाळेचे आहेत, असा त्याचा भाव. मराठीत आपण 'नाळ जोडलेली आहे' म्हणतो ते बऱ्याचदा गावाबद्दल, मातीबद्दल. तिथे ते माणसांबद्दल म्हटलं जातं, आणि तेही मध्ये सामुद्रधुनी असलेल्या परक्या देशातल्या माणसांबद्दल.

माणूस स्वतःला ज्या गटाचा मानतो त्या गटाला बसलेला धक्का त्याला स्वतःला बसल्यासारखा का वाटतो, यावर हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने आयुष्य घालवलं. तो पोलंडमधला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होता, परतला तेव्हा घरचं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. पुढे ब्रिस्टलला त्याने शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची चित्रं दाखवायची आणि आवडीप्रमाणे दोन गट केले असं सांगायचं (खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले असत), मग पैसे वाटायला लावायचे. मुलं आपल्या गटाला झुकतं माप देत, हे झालंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या गटापेक्षा आपल्याला जास्त मिळावं म्हणून ती आपल्या पदरात पडणारी एकूण रक्कम कमी व्हायलाही तयार असत. हा दुसरा निष्कर्ष लक्षात ठेवावा. या प्रकरणात तो पुढे उपयोगी पडतो.

पण ताजफेलचे गट वर्गात पाच मिनिटांत पाडलेले. नाळेचं नातं असं पाच मिनिटांत जुळत नाही. ते जुळवलं जातं, सैल पडतं, परत आवळलं जातं. तमिळनाडूत हे तीनदा घडलं.

जुलै १९८३ मध्ये जाफन्यात लिट्टेने तेरा सैनिक मारले आणि कोलंबोत तमिळांची कत्तल सुरू झाली. घरं-दुकानं जळाली, निर्वासितांच्या होड्या रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागू लागल्या. या वेळी नातं भाषणातून किनाऱ्यावर उतरलं. माणसं डोळ्यांसमोर होती, मंडपमच्या छावणीत भात शिजत होता. करुणानिधींनी आमदारकीचा राजीनामा दिला. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी लिट्टेला पैसे दिले. केंद्रानेही तमिळ गटांना भारतात प्रशिक्षण दिलं. तमिळ असणं आणि भारतीय असणं तेव्हा एकाच दिशेने ओढत होतं.

मग २९ जुलै १९८७ चा राजीव गांधी-जयवर्धने करार झाला, भारतीय शांतिसेना उतरली, आणि काही महिन्यांत तिची लढाई लिट्टेशीच जुंपली.

महार रेजिमेंटचा मेजर

या लढाईतला एक माणूस मराठी वाचकाने जवळून बघावा असा आहे. मेजर रामस्वामी परमेश्वरन. नाव तमिळ, घराणं तमिळ, जन्म १९४६ चा आणि मुंबईतला, शिक्षणही मुंबईतलंच. सैन्यात गेले ते महार रेजिमेंटमध्ये. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री जाफना भागात झडती घेऊन ८ महारची तुकडी परतत असताना तिच्यावर छापा पडला. मेजरनी उलट फिरून मागून घेराव घातला. हातघाईत एका अतिरेक्याने त्यांच्या छातीत गोळी झाडली. त्यांनी त्याचीच रायफल हिसकावून त्याला मारलं, आणि प्राण जाईपर्यंत हुकूम देत राहिले. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

मारणारा तमिळ, मरणारा तमिळ, आणि ज्या तुकडीचं नेतृत्व तो करत होता तिच्या रेजिमेंटचं नाव आपल्या मातीतलं.

शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान कामी आले. मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या चेन्नई बंदरात उतरल्या तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. ज्या सैन्याने तमिळांवर शस्त्र चालवलं त्याचं स्वागत आपल्याला शक्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. उरलेल्या देशाला हा जवानांचा अपमान वाटला, आजही वाटतो. मलाही वाटतो. पण या अभ्यासात आपल्याला काय वाटतं ते क्षणभर बाजूला ठेवून पाहिलं, तर चित्र स्वच्छ दिसतं: एकच जहाज धक्क्याला लागतं, त्यातून उतरणाऱ्यांना एक माणूस 'आपले जवान' म्हणून बघतो आणि दुसरा 'आपल्यांवर गोळ्या झाडून आलेले' म्हणून. माहितीत काडीचा फरक नाही. 'आपले' या शब्दात कोण बसतं, तेवढंच वेगळं.

आणि मग २१ मे १९९१. श्रीपेरुम्बुदूर. लिट्टेच्या मानवी बॉम्बने राजीव गांधींची हत्या केली, तीही तमिळनाडूच्या भूमीवर. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत द्रमुकला २३४ पैकी दोन जागा मिळाल्या. लिट्टेला सहानुभूती दाखवणारा पक्ष ही प्रतिमा एवढी महाग पडली. १९९२ मध्ये भारताने लिट्टेवर बंदी घातली. पुढची पंधरा-सोळा वर्षं ईलमचं नाव मोठ्याने घेणारे वैको यांच्यासारखे थोडेच नेते उरले. २००२ मध्ये जयललितांच्या अण्णाद्रमुक सरकारने तर प्रभाकरनला पकडून भारतात आणा असा ठराव विधानसभेत मंजूर करून घेतला.

नाळ तुटली नव्हती. पण तमिळ असणं आणि भारतीय असणं आता समोरासमोर उभं होतं, आणि अशा वेळी बहुतेक माणसं गप्प बसणं पसंत करतात. लोकमताचा अभ्यास करताना हे गप्प बसणं 'मत नाही' म्हणून मोजलं, तर पुढचा उद्रेक आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

२००९: डोळ्यांत पाणी, मत दुसरीकडे

जानेवारी ते मे २००९. लाखो तमिळ नागरिक श्रीलंकेच्या ईशान्येतल्या मुल्लिवाइक्कालच्या किनाऱ्याकडे ढकलले गेले. एका बाजूला लष्कराचे तोफगोळे, दुसऱ्या बाजूला त्यांना बाहेर पडू न देणारी लिट्टे. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटलं की मृत नागरिकांचा आकडा ४०,००० पर्यंत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

चेन्नईत वकील रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, काहींनी स्वतःला पेटवून घेतलं. २७ एप्रिलला मुख्यमंत्री करुणानिधींनी मरीनावर उपोषण सुरू केलं आणि श्रीलंका जड शस्त्रं वापरणं थांबवतेय असं जाहीर होताच दुपारपर्यंत सोडलं. युद्ध थांबलं नाही. जानेवारीत 'युद्धात सामान्य माणसं मरतातच' असं बोललेल्या जयललिता एप्रिलमध्ये वेगळं ईलम मिळवून देण्याचं आश्वासन देऊ लागल्या.

१३ मेला तमिळनाडूत लोकसभेचं मतदान झालं. १६ मेला निकाल लागला. मतदानानंतर पाच-सहा दिवसांतच, १८-१९ मेला, प्रभाकरन मारला गेला आणि युद्ध संपलं. म्हणजे मुल्लिवाइक्काल जळत असताना तमिळ मतदार मतपेटीपाशी उभा होता. ओळख परराष्ट्र धोरणावरचं मत घडवते हे इतकं सरळ असतं, तर त्या दिवशी दिल्लीत सत्तेत असलेल्या काँग्रेस-द्रमुक आघाडीचा सुपडा साफ व्हायला हवा होता. झालं उलट. ३९ पैकी २७ जागा याच आघाडीने जिंकल्या. ईलमसाठी आयुष्य घालवलेले वैको स्वतः विरुधुनगरमध्ये हरले.

वर्गात इथे हमखास कुणीतरी म्हणतं, मग लोकांना काही वाटतच नव्हतं. हा निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो. रेशनवर एक रुपया किलोने तांदूळ मिळत होता आणि तो देणारं सरकार द्रमुकचं होतं. समोरच्या आघाडीचं नेतृत्व ज्या जयललिता करत होत्या, त्यांचा ईलमबद्दलचा पूर्वेतिहास सगळ्यांना पाठ होता. लोकांना वाटत होतं. पण त्या वाटण्याला कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा, ते मतपत्रिकेवर दिसत नव्हतं. जिव्हाळा आणि मतदान यांच्यामध्ये एक पूल लागतो. २००९ मध्ये तो नव्हता.

त्याच महिन्याच्या शेवटी जिनिव्हातल्या खास अधिवेशनात भारताने श्रीलंकेला अनुकूल असलेल्या ठरावाला मत दिलं. दिल्लीला अडवणारं कुणी नव्हतं.

मग २०१३ मध्ये काय बदललं

पहिलं आणि सर्वात मोठं कारण कुणी फारसं मोठ्याने बोलत नाही: लिट्टे संपली होती. २००९ पर्यंत श्रीलंकेतल्या तमिळांची बाजू घेणाऱ्या माणसाला आधी 'राजीव गांधींच्या मारेकऱ्यांचं काय?' याचं उत्तर द्यावं लागे. प्रभाकरन गेल्यावर तो प्रश्न विरला. मागे उरले ते फक्त बळी. बारा वर्षांच्या मुलाच्या फोटोपुढे उभं राहून आपण भारतीय आधी की तमिळ आधी, हा हिशेब कुणालाच करावा लागत नव्हता. फोटोचं बळ त्या मुलाच्या वयात होतं, हे खरंच. पण तेच फोटो १९९२ मध्ये आले असते तर चेन्नईत ते इतक्या उघडपणे हातात धरले गेले असते असं मला वाटत नाही.

दुसरं कारण त्या आठ विद्यार्थ्यांच्या वयात आहे. २०१३ मध्ये वीस वर्षांचा असलेला मुलगा १९९३ चा. श्रीपेरुम्बुदूर त्याच्या जन्माआधीचं. त्याच्या आई-वडिलांना ज्या घटनेने गप्प केलं, ती त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातली. आणि ज्या घटनेने त्याला पेटवलं ती मोबाइलच्या पडद्यावर होती. सामाजिक ओळख रक्तातून येते असं मानणाऱ्याने एवढं एक बघावं: रक्त तेच, भाषा तीच, पिढी बदलली आणि त्याच ओळखीतून निघणारं मत बदललं.

आपल्याकडची पिढी बदलली तरी चौकट मात्र तीच राहिली, कारण ती बदलायला काही कारणच घडलं नाही. मराठी घरात आजही श्रीलंकेतल्या युद्धाचा विषय निघाला की पहिली आठवण राजीव गांधींची येते, दुसरी शांतिसेनेची. ही राष्ट्रीय ओळखीतून आलेली चौकट आहे आणि तीही एक ओळखच आहे. तमिळ माणसाचं मत 'भावनिक' आणि आपलं मत 'धोरणात्मक' असं आपण सहज बोलून जातो, ते मला पटत नाही. दोघंही आपापल्या 'आपल्यां'च्या मृतांपासून सुरुवात करतात.

तिसरं कारण दिल्लीतलं. सप्टेंबर २०१२ मध्ये तृणमूल काँग्रेस सरकारमधून बाहेर पडली, सरकार बाहेरच्या पाठिंब्यावर आलं आणि द्रमुकच्या अठरा खासदारांचं वजन एकदम वाढलं. त्याआधीच, मार्च २०१२ मध्ये, या वजनाची चुणूक दिसली होती. एखाद्या एकाच देशाविरुद्धच्या ठरावांना भारत सहसा पाठिंबा देत नाही; तरी मनमोहन सिंग यांनी लोकसभेत उभं राहून सांगितलं की ठरावाच्या बाजूने मत देण्याकडे आमचा कल आहे. तो ठराव २४ विरुद्ध १५ ने मंजूर झाला. इथली कारागिरी बारकाईने बघण्यासारखी आहे. भारताने मत दिलं ते चेन्नईसाठी, आणि मसुद्यात दुरुस्ती करून घेतली ती कोलंबोसाठी: संयुक्त राष्ट्रांचं सहाय्य श्रीलंकेशी सल्लामसलत करून आणि तिच्या संमतीनेच दिलं जावं. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मत दिसतं, संमतीचा शब्द दिसत नाही.

चौथं कारण दोन द्रविड पक्षांमधली चढाओढ. जयललिता सत्तेत होत्या. त्यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये चेन्नईत खेळायला आलेले श्रीलंकेतले शाळकरी फुटबॉलपटू परत पाठवले. करुणानिधींना २००९ चा कलंक धुवायचा होता. एकाने निर्बंध मागितले की दुसऱ्याने 'वंशसंहार' हा शब्द ठरावात हवा म्हणायचं. २०१३ मध्ये द्रमुकची अट हीच होती: जिनिव्हातल्या मसुद्यात वंशसंहार हा शब्द आणि आंतरराष्ट्रीय चौकशी. संसदेनेही तसा ठराव करावा ही मागणी सर्वपक्षीय बैठकीत बारगळली. ताजफेलची मुलं आठवतात ती इथे. जाफन्यातल्या विधवेला घर मिळेल का, बेपत्ता मुलाचा शोध लागेल का, यापेक्षा ठरावात कोणता शब्द येतो आणि तो आपल्या पक्षामुळे आला की त्यांच्या, याला किंमत आली.

आणि पाठिंबा काढल्यावर द्रमुकच्या हातात काय उरलं? अठरा खासदारांची भीती ते निघून जाईपर्यंतच होती. जिनिव्हात भारताने ठरल्याप्रमाणे मत दिलं, पण मागितलेले शब्द आले नाहीत. वर्षभराने, २७ मार्च २०१४ ला, खरोखरच आंतरराष्ट्रीय चौकशी मागणारा ठराव आला आणि २३ विरुद्ध १२ ने मंजूर झाला. ज्या मागणीसाठी सरकार मोडायला निघाले होते, ती मागणी पुढ्यात आली तेव्हा भारत तटस्थ बसला.

लोकमताचा परिणाम अगदीच संपला होता असं मात्र नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलंबोला राष्ट्रकुल परिषद भरली. तमिळनाडूतल्या काँग्रेसच्या मंत्र्यांनीच जाऊ नका म्हणून धोशा लावला, आणि पंतप्रधान गेले नाहीत, परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद गेले. कॅनडाचे पंतप्रधान हार्परही गेले नाहीत. टोरांटो परिसरात श्रीलंकेतून गेलेल्या तमिळांची मोठी वस्ती आहे, आणि २००९ मध्ये त्यांनी तिथला महामार्ग अडवला होता. एकाच भाषेच्या माणसांनी दोन खंडांतल्या दोन सरकारांना एकाच परिषदेबद्दल विचार करायला लावला.

'आपले' म्हणजे नक्की कोण

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात दुखरा भाग.

आयपीएलमधली बंदी घ्या. ती श्रीलंकेच्या सगळ्या खेळाडूंवर होती. त्यात मुथय्या मुरलीधरन होता. चहामळ्यांसाठी दक्षिण भारतातून सिलोनला गेलेल्या तमिळ कुटुंबातला, घरात तमिळ बोलणारा, चेन्नईचा जावई, आणि पूर्वी चेन्नईच्याच संघातून खेळलेला. २०१३ मध्ये तो बंगळुरूच्या संघात होता, पण चेन्नईच्या मैदानावर त्याला उतरता आलं नाही. तमिळांवरच्या अन्यायाचा निषेध म्हणून घातलेली बंदी क्रिकेटमधल्या सर्वात नामवंत श्रीलंकन तमिळावरच पडली.

योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. मुरलीधरन ज्या समाजातला, त्या मळेकरी तमिळांची गोष्टच तशी आहे. इंग्रजांनी त्यांना तिरुनेलवेली, रामनाथपुरम, तिरुचिरापल्लीकडून नेलं. नाळेच्या दृष्टीने पाहिलं तर तमिळनाडूला सर्वात जवळचे हेच. जाफन्याचे तमिळ तिथे शतकानुशतकं राहणारे. १९४८ मध्ये स्वतंत्र सिलोनने मळेकऱ्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार करून त्यांची वाटणी केली: ५,२५,००० भारताने घ्यायचे, ३,००,००० सिलोनने ठेवायचे, उरलेल्या दीड लाखांचं नंतर बघू. माणसांना विचारलं नाही. जे आले ते निलगिरीच्या मळ्यांवर परत चहाच खुडायला लागले. १९८३ नंतर उठला तसा आगडोंब त्यांच्यासाठी उठला नाही. जाफन्याच्या तमिळांकडे वकील होते, कवी होते, लढवय्ये होते, साम्राज्यांच्या आठवणी होत्या. मळ्यावरच्या बाईकडे पाठीवरची टोपली होती. ज्याच्यात आपलं मोठेपण दिसतं, त्याच्याशी नाळ जोडायला माणूस लवकर तयार होतो.

श्रीलंकेतले मुसलमानही बहुतांश तमिळच बोलतात, पण ते स्वतःला वेगळा समाज मानतात. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना घरंदारं सोडायला लावली. हजारो कुटुंबं नेसत्या वस्त्रानिशी निघाली. चेन्नईत त्याचे पडसाद उमटले नाहीत.

मग मासेमार. रामेश्वरम, नागपट्टिनमचे ट्रॉलर रात्री पाल्कच्या सामुद्रधुनीत सरहद्द ओलांडतात आणि समुद्राचा तळ खरवडून मासे काढतात. श्रीलंकेच्या नौदलाने त्यांना पकडलं, कधी मारलं, की तमिळनाडूत संताप होतो आणि तो रास्त आहे. कच्चतीवु बेट १९७४ च्या कराराने श्रीलंकेला दिल्याचा राग त्यात मिसळतो. पण ज्या पाण्यात हे ट्रॉलर जातात तिथे जाळी कुणाची फाटतात? जाफना आणि मन्नारच्या तमिळ मासेमाराची. युद्धाच्या काळात त्याला समुद्रात जायची मनाई होती. २००९ नंतर तो कर्ज काढून लहान होडी आणि नवी जाळी घेऊन उतरला, आणि सकाळी जाळं ओढायला गेला तर हातात नुसती दोरी आली. श्रीलंकेच्या संसदेत तळ खरवडून मासेमारी करण्यावर बंदीचं विधेयक पुढे रेटलं ते सुमंथिरन या तमिळ खासदारानेच, आणि २०१७ मध्ये तो कायदा झाला. चेन्नईत हे भांडण 'सिंहली नौदल विरुद्ध तमिळ मासेमार' असंच मांडलं जातं, कारण 'तमिळ विरुद्ध तमिळ' मांडायला नाळेच्या भाषेत शब्दच नाहीत.

आणि गर्दीचा राग कुणावर उतरला? १६ मार्च २०१३ ला तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांबरोबर आलेल्या श्रीलंकेच्या एका बौद्ध भिक्खूला मारहाण झाली. त्याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा भला मोठा मराठी शिलालेख आहे. तंजावरचे मराठी भाषक आजही घरात त्यांची जुनी मराठी बोलतात आणि दाराबाहेर तमिळ असतात, दोन्ही मनापासून. एका माणसात अनेक ओळखी नांदू शकतात याचा पुरावा ज्या आवारात दगडावर कोरलेला आहे, तिथे एका माणसाला त्याच्या एकाच ओळखीसाठी मारलं, हे मला विसरता येत नाही.

नंतर

२०१४ च्या निवडणुकीत अण्णाद्रमुकने ३९ पैकी ३७ जागा जिंकल्या. द्रमुक शून्यावर, काँग्रेस शून्यावर. पण दिल्लीत एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं आणि या ३७ जागांची गरजच उरली नाही. २६ मेच्या शपथविधीला श्रीलंकेचे अध्यक्ष महिंद राजपक्षे यांना निमंत्रण गेलं. जयललिता गेल्या नाहीत. वैको तर भाजपच्या आघाडीत असूनही दिल्लीत निदर्शनं करत होते. लोकमत तेच, धार तीच, पण ते ज्या खिळ्याला टांगलेलं होतं तो खिळाच निघाला. २३ मार्च २०२१ ला, तमिळनाडूत विधानसभेचं मतदान दोन आठवड्यांवर असताना, जिनिव्हात श्रीलंकेवरचा आणखी एक ठराव आला. भारत तटस्थ राहिला आणि २०१३ सारखा उद्रेक झाला नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यातली दुरुस्ती संसदेत आली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या मुस्लिमेतर निर्वासितांसाठी ती होती. श्रीलंकेतून आलेल्या तमिळांचं नाव त्यात नव्हतं. द्रमुकने विरोध केला. अण्णाद्रमुकच्या राज्यसभेतल्या खासदारांनी बाजूने मत दिलं. २०१३ मध्ये ईलमसाठी सार्वमत मागणारा पक्ष हाच.

तमिळनाडूत आजही शंभराच्या वर छावण्या आहेत आणि त्यांत हजारो कुटुंबं. २०२१ मध्ये मुख्यमंत्री स्टालिन यांनी त्यांचं नाव बदलून 'श्रीलंकन तमिळ पुनर्वसन छावण्या' केलं, घरं बांधायला पैसे मंजूर केले. ते चांगलंच झालं. पण १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व मिळायला आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. मार्च २०१३ मध्ये उपोषणाला बसलेल्या लोयोलाच्या मुलांच्या वयाची मुलं तेव्हा मंडपमच्या छावणीतही होती; तमिळनाडूत जन्मलेली, तमिळनाडूच्याच शाळांत शिकलेली. वर्षभराने लोकसभेचं मतदान झालं. कॉलेजातल्या मुलांच्या बोटाला शाई लागली. छावणीतल्या मुलांचं नाव मतदार यादीत नव्हतं.